पोटातलं पाणी, नळाचं पाणी

माझ्या लेकीच्या पोटात दिवसातून चार वेळा पाणी सोडायचं आणि चार वेळा काढायचं, हे काम दोन वर्षं मी केलं. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी दोष वाटून घ्यायला येऊ नये.

सहाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. हैद्राबादला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी बसवली आणि आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून शिकवलं. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास तिथं राहू द्यायचं. रक्तातली घाण त्या पडद्यातून पाण्यात उतरते. मग ते पाणी रिकाम्या पिशवीत काढायचं आणि ताजं सोडायचं. हे सगळं घरी. आमचं गाव तालुक्याचं, नांदेड आणि लातूरच्या मधलं, दोन्हीकडून सारखंच लांब. रक्त धुणारं मशिन त्या दोन शहरांत होतं, पण एवढ्या लहान पोरीला त्यावर घ्यायला डॉक्टर सहसा राजी नसत. म्हणून नळी आहे तोवर पोरगी आहे, एवढं मी त्या दिवशी समजून घेतलं.

"नळीवाटे जंतू आत गेला की पोटात पू होतो," डॉक्टर म्हणाले. "एकदा झाला तर औषधानं बरा करता येतो. पुन्हा पुन्हा झाला की पडदा खराब होतो, मग नळी काढावी लागते."

"अन् नळी काढल्यावर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"ती वेळ येऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

मी अंगणवाडीत सेविका. हात कसे धुवायचे याचा तक्ता माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं लटकलेला, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांची नखं मी कापलेली. तेव्हा ही जबाबदारी माझ्याकडं येणं ठरलेलंच होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व झाला. आमच्या दोन खोल्यांमधली आतली खोली मी रिकामी केली. कपाट हलवलं, पडदे काढले. बुद्धाच्या तसबिरीवर धूळ बसते म्हणून तीही उतरवून बाहेरच्या खोलीत लावली. त्यावरून जावा-नणंदा कुजबुजल्या. कुजबुजू देत म्हटलं. पिशवी जोडताना खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पंखा बंद करून अर्धा तास बसणं काय असतं हे ज्याचं त्याला माहीत.

नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याला मी खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचे नाही.

"तुमच्या नखातलं ग्रीस या जन्मी जायचं न्हाई," मी म्हणायचे.

"जाऊ दे, पुढच्या जन्मी नर्स हून येतो," तो म्हणायचा, आणि दाराबाहेर पाटावर बसून लेकीला डेपोतल्या गोष्टी सांगायचा. कोणती गाडी औशाच्या चढाला रुसली, कोणत्या ड्रायव्हरनं दांडी मारली. दार लोटलेलं, आत आम्ही दोघी मास्क लावून बसलेल्या, आणि बाहेरून त्याचा आवाज. ती मास्कमधून हसायची. तिला पोट हलवू नको असं मी दटावायचे.

काढलेलं पाणी चांगलं आहे का हे बघायची एक साधी रीत होती. भरलेली पिशवी पेपरवर ठेवायची. पाण्यातून अक्षरं वाचता आली की ठीक. गढूळ दिसलं की तडक दवाखाना. पहिलीतली पोरगी अक्षरं जुळवत होती, तिनं हे काम स्वतःकडं घेतलं. शाळेत फार जाता येत नव्हतं, तर ती अशी वाचायला शिकली. पोटातून आलेल्या पाण्यातून तिनं वाचलेल्या बातम्या मला अजून आठवतात. धरण कोरडं. लातूरला रेल्वेनं पाणी. टँकर सुरू. आणि दर पंधरा दिवसांनी एक बातमी ठरलेली, आपला तालुका नवीन जिल्हा होणार.

"जिल्हा झाला म्हंजे काय व्हतं, आई?"

"मोठा दवाखाना येतो," मी सांगायचे. आमच्या गावात सगळे हेच सांगत होते. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, दवाखाना येणार, पाण्याची लाइन येणार. तहसीलसमोर मंडप घालून लोक आळीपाळीनं धरणं धरून बसायचे. मला त्यांचं हसू यायचं. प्यायला पाणी नाही आणि हे पाटी बदलायला निघालेत.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नळाला वीस-बावीस दिवसांनी पाणी यायचं, ते कधी येईल याचा नेम नाही. टँकरचं पाणी निळ्या ड्रमात भरून ठेवायचं, चार दिवसांनी त्याला वास मारायचा. आणि मला तर हात वाहत्या पाण्याखाली धुवायचे होते, दिवसातून चार वेळा. तेव्हा शेजारीण मदतीला आली. ती वरच्या आळीतली शेतकरी घरातली बाई, त्यांचं घर आमच्या गल्लीला लागून, आणि त्यांच्या मळ्यातल्या बोअरला अजून पाणी होतं. रोज सकाळी ती दोन कॅन आणून माझ्या दारात ठेवायची. "पोरीच्या हातापुरतं हाय बाई," म्हणायची, "तुमच्या पिण्याचं तुम्ही बघा." माझ्या सासूला त्याच आळीत, ती लग्न होऊन आली तेव्हा, ओंजळीत वरून पाणी ओतत असत, भांड्याला हात लागू नये म्हणून. ते आठवून कॅन उचलताना दरवेळी मला जरा कसंतरी व्हायचं, आणि दरवेळी मी ते उचलायचे. मग नवरा दाराबाहेर तांब्यानं वरून धार धरायचा आणि मी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. सासू हयात असती तर तिला हे कसं समजावलं असतं मला ठाऊक नाही.

पहिला पू त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाला. पोरीचं पोट दुखलं, ताप आला, पिशवी ताकासारखी. नांदेडला पंधरा दिवस राहिलो. तिथले किडनीचे डॉक्टर पिशवीतच औषध घालून द्यायचे. पडदा वाचला. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण आता एकदाही चूक परवडणार नाही." मी मान डोलावली. घरी आल्यावर मी आणखी कडक झाले. पाहुण्यांना अंगणातूनच परत पाठवायचे. लेकीची आंघोळ आधीच बंद होती, आता ओल्या फडक्यानं पुसणंही नळीपासून वीतभर लांब ठेवायचे. तिच्या अंगाला खाज सुटायची. किडनीच्या आजारात खाज असतेच, त्यात ते ऊन आणि घाम. ती भिंतीला पाठ घासत बसायची. नखं मी मुळापर्यंत कापलेली होती, म्हणून भिंत.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका दुपारी नळ आला.

चोवीस दिवसांनी आला होता. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ, त्याला रबरी पाइप जोडलेला. बायका घागरी, कळश्या, रिकामे तेलाचे डबे घेऊन धावल्या. मीही धावले. पाणी जोरात होतं, पाइपच्या सांध्यातून फवारा उडत होता, आणि त्या फवाऱ्याखाली गल्लीतली सगळी पोरं चड्डीवर नाचत होती. कुणी त्यांना हटकत नव्हतं. एरवी एक तांब्या सांडला तर पाठीत धपाटे घालणाऱ्या बाया त्या दिवशी हसत होत्या.

लेक आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. "आई, निस्ते पाय," ती म्हणाली.

मी "न्हाई" म्हटलं. हट्ट करायची तिची सवय मोडलीच होती. ती पुन्हा भिंतीला पाठ लावून घासायला लागली. शेजारीण माझ्याजवळ घागर भरत होती. ती म्हणाली, "पाय भिजल्यानं काय हुतंय बाई. येऊ द्या की लेकराला."

तिनं सांगितलं म्हणून मी येऊ दिलं असं नाही. मी येऊ दिलं, कारण मला तिला एकदा तरी हो म्हणायचं होतं. दोन वर्षं मी त्या पोरीला फक्त नाही म्हणत आले होते. मी मानेनं खुणावलं आणि ती ओट्यावरून खाली आली. आधी पाय भिजवले. मग फ्रॉक गुडघ्याच्या वर धरून मांड्यांपर्यंत. मी घागर डोक्यावर घेऊन घरात नेली, ड्रमात ओतली आणि परत आले, तेव्हा ती पाइपच्या फवाऱ्यात खाली बसलेली होती. पाणी डोक्यावरून, पाठीवरून, पोटावरून वाहत होतं. आणि ती तोंड वर करून हसत होती.

मी बघितलं. हाक मारली नाही. दुसरी घागर लावली, ती भरली, तिसरी लावली. असा अर्धा तास गेला असेल. मला सगळं माहीत होतं. नळीच्या तोंडाशी ओलावा म्हणजे काय, तीन आठवड्यांनी सुटलेल्या नळाचं पहिलं पाणी म्हणजे काय, हे त्या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी अडाणी असते तर आज माझ्याकडं एक सबब तरी असती.

मग तिला आत नेलं. पट्टी चिंब झाली होती. ती काढली, सगळं शिकवल्याप्रमाणं कोरडं केलं, औषध लावलं, नवी पट्टी बांधली. संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा मी फक्त नळ आल्याचं सांगितलं. लेकीला म्हटलं, बाबांना सांगू नको. ती शहाणी होती, तिनं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळची पिशवी पेपरवर ठेवली. ती वाकून बघत राहिली. "आई, आज दिसून न्हाई राहिलं," म्हणाली. मी पिशवी उचलली, पेपर झटकला, पुन्हा ठेवली. खालचा मथळा मोठ्या अक्षरांत होता. तोही दिसेना.

नांदेडच्या डॉक्टरांनी भरती करून घेतलं आणि पहिल्याच तासात विचारलं, "पोरगी कुठं भिजली होती का? टाकीत, पाण्यात बसली होती? नळी ओली झाली होती?"

माझ्या बाजूला नवरा उभा होता. डेपोतून तसाच आलेला, खाकी कपड्यात. मी म्हणाले, "सर, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई. भिजायला कुठून आणू?"

डॉक्टरांनी नजर कागदावर वळवली. त्यांना ओशाळल्यासारखं झालं असावं. म्हणाले, "खरंय बाई. तुम्ही लोक कसं करता कुणास ठाऊक." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी नेहमीची औषधं सुरू केली. ताप उतरला नाही. पोट फळीसारखं कडक झालं, हात लावू देईना. चौथ्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, हा पाण्यात वाढणारा जंतू आहे, बहुतेक साठवणीच्या ड्रममधून तुमच्या हाताला लागला असेल. त्यांनी औषध बदललं. मी तेव्हाही बोलू शकले असते. पण चार दिवसांचं खोटं मागं घ्यायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. नवरा मात्र ते ऐकून पेटला. ड्रम, टँकर, नगरपालिका, सरकार, सगळ्यांना त्यानं वॉर्डाच्या बाहेर उभं राहून शिव्या घातल्या. "माझ्या बायकोनं बोअरच्या पाण्यानं हात धुतले," तो सगळ्यांना सांगायचा. "ती कमी न्हाई पडली. पाणी कमी पडलं." मी आत बसून ऐकायचे.

दहाव्या दिवशी नळी काढली. पडदा गेला होता, नवी बसवायला जागा राहिली नव्हती. मग मानेत सुई घालून मशिनवर घेतलं. आठवड्यातून तीन वेळा. मशिन सुरू झालं की तिचा बीपी खाली जायचा, ती पांढरी पडायची, कधी अर्ध्यातच थांबवावं लागायचं. आम्ही दवाखान्याजवळ एक खोली घेऊन राहिलो. तिचा बाबा आता तिच्याजवळ बसू शकत होता, ग्रीसच्या हातांनी तिचे पाय दाबू शकत होता, कारण जपायला नळीच राहिली नव्हती. सहा आठवडे असे गेले. सातव्या आठवड्यात मशिनवरच तिचा जीव गेला. मी तिथं होते.

पुढं एकदा, बऱ्याच महिन्यांनी, त्याच दवाखान्यातल्या एका नर्सला मी आडून विचारलं. समजा एखाद्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की पोरगी पाण्यात भिजली, तर काही फरक पडला असता का? ती म्हणाली, "औषध कदाचित आधी बदललं असतं. पण पोर वाचलं असतंच असं नाही सांगता येत." मी ते 'कदाचित' घेऊन घरी आले. ते अजून माझ्याजवळ आहे आणि मेल्याशिवाय जाणार नाही.

शेजारणीनं कुणाजवळ तोंड उघडलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती आली, माझ्याजवळ बसली, आणि हळूच म्हणाली, "म्या कुणाला सांगितलं न्हाई बाई." त्या दिवसापासून मला ती समोर नकोशी झाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आता पिण्यासाठी म्हणून ती आणायची ते कॅन मी परत पाठवायला लागले, आणि तिनं ते कशासाठी हे कधी विचारलं नाही.

नवरा जिल्ह्याच्या मंडपात जाऊन बसायला लागला. आधी तो त्यांना माझ्यासारखाच हसायचा. आता ड्यूटी संपली की तिकडं. त्याला माइक द्यायचे, कारण त्याच्याकडं सांगायला मेलेली पोर होती. "जिल्हा असता तर इथंच दवाखाना असता. पाणी असतं तर माझी लेक असती. माझी लेक दुष्काळानं मारली," तो म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं. घरी आला की थकून भिंतीला टेकायचा, आणि मला म्हणायचा, "तू सोताला लावून घेऊ नको. तू दोन वर्षं जे केलंस ते कोण करतंय?" त्याच्या त्या चांगुलपणाचा मला संताप यायचा. एकदा तर मी त्याच्यावर विनाकारण ओरडले, आणि तो बिचारा समजला की हे दुःखानं.

मग आम्हा अंगणवाडीच्या बायकांची मंडपात बसायची पाळी आली. दुपार होती, बायका सतरंजीवर दाटीनं बसलेल्या. नवरा समोर माइकजवळ उभा. भाषण झाल्यावर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तिची आई इथं बसली हाय. तिला दोन शब्द बोलू द्या." बायकांनी मला हाताला धरून उठवलं.

मी ठरवून उठले नव्हते. माइक हातात आला आणि मी म्हणाले, "पाणी होतं. त्या दिवशी नळ आला होता. मी तिला भिजू दिलं, अर्धा तास. मला कळत होतं. डॉक्टरनं विचारलं, तर मी खोटं सांगितलं. दुष्काळानं न्हाई. म्या केलं."

बायका रडायला लागल्या. पुढची एक म्हातारी पदर तोंडाला लावून मोठ्यानं हुंदके द्यायला लागली. मंडपातल्या पुढाऱ्यानं माझ्या हातून हळूच माइक घेतला आणि गहिवरून म्हणाला, "बघा मायबापहो. चोवीस दिवसांनी नळ येतो, अन् लेकरू भिजलं तर आई सोताला गुन्हेगार समजते. ही वेळ कुणी आणली?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी घोषणा दिली, जिल्हा झालाच पाहिजे. सगळे उभे राहिले. मी काय कबूल केलं ते त्या मंडपात कुणालाही कळलं नव्हतं.

एकट्या माझ्या नवऱ्याला कळलं होतं. तो टाळ्या वाजवत नव्हता.

घरी जाताना तो माझ्या दोन पावलं पुढं चालत होता. तहसील मागं पडलं, बाजार मागं पडला. गल्लीच्या अलीकडं तो थांबला, पण वळला नाही.

"मला का न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

मग त्यानं विचारलं, "हसत व्हती का?"

"हाव," मी म्हणाले.

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मी त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तो काढला. जोरानं नाही, हळूच, बाजूला. मी उभी राहिले. आमच्या गल्लीतल्या बायका मंडपातून परतत होत्या, त्या आमच्या बाजूनं आवाज न करता पुढं गेल्या.